जुना हँडहेल्ड सेट: दुरुस्त करावा, मॉडिफाय करावा की सरळ नवा घ्यावा?

तुमच्याकडे एखादा जुना हॅम हँडी, म्हणजे हौशी रेडिओवाल्यांचा (हॅमचा) हातात मावणारा वायरलेस सेट, आलाय, कुणी वापरत नाही म्हणून दिला किंवा कपाटात वर्षानुवर्षं पडून होता, आणि आता ठरत नाहीये की याच्यावर वेळ घालवायचा की नवा घेऊन मोकळं व्हायचं, तर हे तुमच्यासाठी. मी असे बरेच सेट उघडलेत, काही चालू झाले, काही पार्टसाठी ठेवून दिले, आणि त्यातून माझं एक मत पक्कं झालंय ते आधीच सांगतो: दुरुस्ती आणि मॉडिफिकेशन हे दोन वेगळे निर्णय आहेत, ते एका बैठकीत घेऊ नका. चांगले चांगले सेट याच घोळात वाया जातात. माणूस बॅटरी बदलायला सेट उघडतो, मग वाटतं उघडलाच आहे तर टोन बोर्ड (बोलण्याबरोबर एक खालचा सूर पाठवणारं छोटं सर्किट) पण टाकू, सॉकेट पण बदलू, आणि शेवटी सेट बोलत नाही तेव्हा बिघाड मुळातला होता की आपण घातलेला हे कळायला काही मार्गच उरत नाही. आधी सेट कंपनीतून निघाला होता तसा चालू करा, महिनाभर वापरा, आणि मग ठरवा त्यात काय घालायचं ते.

म्हणजे पर्याय तीन झाले. एक, जसा होता तसा दुरुस्त करून वापरायचा. दोन, दुरुस्त करून त्यात आजच्या गरजेच्या गोष्टी घालायच्या. तीन, जुना ठेवून द्यायचा आणि नवा घ्यायचा.

आता 'जुना' म्हणजे किती जुना यावर बरंच अवलंबून आहे. १९८० च्या सुमारास आलेला आयकॉमचा आयसी-२एटी घ्या, वरती थंबव्हील (फ्रिक्वेन्सीचे आकडे लावायची, बोटाने फिरवायची चाकं), डिस्प्ले नाही, मेमरी नाही, हाय पॉवरला दीड वॅट, आत पायांचे मोठे पार्ट. असा सेट डोळ्यांनी वाचता येतो. त्यानंतरच्या पिढीत येसू एफटी-२३आर सारखे सेट आले, आत मायक्रोप्रोसेसर, वर छोटा एलसीडी, मेमरी, तरीही अंगाने भक्कम. आणि मग नव्वदच्या दशकातले छोटे ड्युअल बँड (दोन फ्रिक्वेन्सी पट्ट्यांवर चालणारे) सेट, बोर्डावर बोर्ड, मधे चपट्या केबल, सगळे पार्ट एसएमडी, म्हणजे बिनपायाचे, बोर्डावर थेट सोल्डर केलेले बारीक पार्ट. गंमत अशी की दिसायला सगळ्यात आधुनिक असलेली ही तिसरी पिढीच दुरुस्तीला सगळ्यात अवघड आहे, त्यामुळे "फार जुना आहे, सोडून दे" हा सल्ला ऐकू नका, बऱ्याचदा जितका जुना तितका सोपा.

पहिला तास कशात घालवायचा

निर्णय घ्यायच्या आधी एक तास तपासणीला द्या, त्यातच अर्धं उत्तर मिळतं. जुना बॅटरी पॅक काढून बाजूला ठेवा, त्याच्यावर सेट चालवून बघायचाच नाही. करंट लिमिट असलेला पॉवर सप्लाय घ्या, सेटवर किंवा मॅन्युअलमध्ये जो व्होल्टेज दिलाय तोच लावा, पोलॅरिटी दोनदा बघा, आणि लिमिट अर्ध्या अँपिअरच्या आत ठेवा कारण नुसतं ऐकायला एवढा करंट लागत नाही. सेट लिमिटला टेकला तर आत कुठेतरी शॉर्ट आहे, तिथेच थांबा. नाहीतर स्क्वेल्च (सिग्नल नसताना आवाज बंद ठेवणारी सोय) उघडा, खळखळ ऐकू येते का बघा, व्हॉल्यूम फिरवताना खरखर होते का बघा, ओळखीचा एखादा सिग्नल ऐका.

मग अँटेना काढून ५० ओहमचा डमी लोड (अँटेनाऐवजी पॉवर जिरवणारा रेझिस्टर) लावा, लिमिट दीड अँपिअरपर्यंत वाढवा आणि पीटीटी (बोलायचं बटण) दाबा. शेजारी आरटीएल-एसडीआर (कॉम्प्युटरला लावायचा छोटा रिसीव्हर) लावून ठेवलेला असेल तर कॅरिअर (सेट पाठवतो ती मूळ लहर) नेमका कुठे पडतो, इकडेतिकडे सरकतो का, बोललं की पसरतो किती, हे सगळं स्क्रीनवर दिसतं. पॉवर मीटर असेल तर वॅट लिहून ठेवा, नंतर लागतात.

सेट ऐकतो आणि बोलतो, फक्त बॅटरी मेलीये, तर दुसरा विचारच करू नका, दुरुस्त करा. आवाज बारीक आहे, मधेच जातो, व्हॉल्यूमचा पॉट खरखरतो, तरी दुरुस्त करा, हे कपॅसिटर आणि कॉन्टॅक्टचं काम आहे. ऐकतो पण बोलत नाही, तर आधी अँटेना सॉकेटच्या मधल्या पिनचं सोल्डर बघा, अँटेनाला धरून सेट उचलायची सवय असली की तिथे तडा जातो आणि नुसत्या डोळ्यांना तो दिसत नाही. पॉवरचा शेवटचा टप्पाच गेला असेल तर मात्र बघावं लागतं, साधा ट्रान्झिस्टर असेल तर पर्यायी मिळू शकतो, पण हायब्रिड पॉवर मॉड्यूल (सगळा टप्पा एकाच डबीत) असेल आणि त्याचं उत्पादन बंद झालेलं असेल तर बाजारात मिळणारा माल जुन्या सेटमधून काढलेला किंवा नाव बदलून विकलेला असण्याची शक्यता खूप. आणि मायक्रोप्रोसेसर किंवा त्या मॉडेलसाठीच बनवलेला एलसीडी गेला असेल तर तो सेट पार्टसाठी ठेवा, त्याच मॉडेलचा दुसरा सेट मिळाला तरच पुढे जा.

अजून एक, सर्व्हिस मॅन्युअल मिळतंय का ते उघडायच्या आधी बघा. त्या काळी कंपन्या पूर्ण सर्किट डायग्राम, प्रत्येक टेस्ट पॉइंटचा व्होल्टेज, कुठली कॉइल कशासाठी फिरवायची, सगळं छापायच्या. मॅन्युअल हातात असलेला मेलेला सेट मला मॅन्युअल नसलेल्या अर्धवट चालणाऱ्या सेटपेक्षा बरा वाटतो.

बॅटरी, कारण नव्वद टक्के प्रश्न तिथेच अडतो

जुने पॅक निकेल-कॅडमिअमचे. एका सेलचे १.२ व्होल्ट, सात सेल म्हणजे ८.४ व्होल्ट, आयसी-२एटी बरोबर येणारा छोटा पॅक असाच होता, सुमारे २५० मिलिअँपिअर-तासांचा. इतक्या वर्षांनी हे सेल एकतर शॉर्ट झालेले असतात किंवा गळलेले. गळती पोटॅशिअम हायड्रॉक्साइडची असते, पांढरी-हिरवट पापडी दिसते, आणि ती वायरच्या आतून तांब्यावर चढत लांबपर्यंत जाते. कापसाला व्हिनेगर लावून पुसा, मग पाण्याने, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने, आणि वायर काळी पडली असेल तर वायरच बदला, काळ्या तांब्याला सोल्डर धरत नाही. जुने सेल कचऱ्यात टाकू नका, कॅडमिअम विषारी आहे, ई-कचऱ्यातच गेले पाहिजेत.

आता त्याच खोक्यात काय भरायचं. निकेल-मेटल-हायड्राइड सेल हा सगळ्यात सरळ रस्ता, व्होल्टेज तेवढाच, जुना सावकाश चार्ज करणारा चार्जर पण चालतो, फक्त क्षमता तिप्पट झाली की वेळही त्याच प्रमाणात लागतो, चौदा-सोळा तासांत पूर्ण भरेल ही अपेक्षा सोडा. टॅब लावलेले सेल घ्या, उघड्या सेलवर आयर्न टेकवून सोल्डर करू नका, आतलं सील जातं. जुन्या पॅकमध्ये थर्मल फ्यूज असेल तर तो नव्यातही बसवायचा, विसरायचा नाही.

दुसरा रस्ता लिथिअम-आयनचा. दोन सेल सिरीजमध्ये, नॉमिनल ७.४, पूर्ण भरल्यावर ८.४ व्होल्ट, म्हणजे सात सेलच्या जुन्या सेटला हे नेमकं बसतं. वजन कमी, पडून राहिला तरी महिन्यांनी चार्ज शिल्लक असतो. पण प्रोटेक्शन बोर्ड हवाच, आणि जुना चार्जर या पॅकला चुकूनही लागता कामा नये, म्हणून मी तर पॅकवर मोठ्या अक्षरात चिकटपट्टी लावतो आणि जुना चार्जर दुसऱ्या खोलीत ठेवतो. यूएसबीचं चार्जिंग बोर्ड पॅकमध्येच बसवणार असाल तर लक्षात ठेवा की त्यातला स्विचिंग कन्व्हर्टर दोन मीटर बँडवर (१४५ मेगाहर्ट्‌झच्या आसपासचा पट्टा) कचरा टाकतो, चार्जिंग चालू असताना ऐकायचं नाही असं ठरवूनच बसवा.

आणि एक गोष्ट जीव तोडून सांगतो. काही जुन्या सेटना पेन्सिल सेलचा होल्डर असतो, सहा-सात सेलचा. पेन्सिल सेलच्याच मापाचे १४५०० नावाचे लिथिअम सेल मिळतात, दिसायला सारखेच, पण एकेक ३.७ व्होल्टचा. सहा भरले तर बावीस व्होल्ट. सेट त्याच क्षणी गेला. दोनच घालायचे आणि बाकी जागी डमी, किंवा हा प्रयोगच नको.

नव्या सेटशी तुलना केली तर बॅटरीत नवा सरळ जिंकतो, घरी आणला, चार्जला लावला, झालं. जुन्यात तुम्हाला एक संध्याकाळ द्यावी लागते. पण पेन्सिल सेलचा होल्डर असलेला जुना सेट लाईट गेलेली असताना दुकानातले साधे पेन्सिल सेल टाकून चालतो, ही सोय बऱ्याच नव्या सेटमध्ये वेगळी विकत घ्यावी लागते.

कपॅसिटर

ऐंशीच्या दशकाच्या शेवटापासून नव्वदच्या मध्यापर्यंतच्या सेटमध्ये एसएमडी इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर गळतात. लक्षण ठरलेलं: आवाज बारीक होत जातो, किंवा सेट गरम झाल्यावरच नीट बोलतो. उघडून भिंगाखाली बघा, कॅनच्या बुडाशी सोल्डर चमकत नाही, मळकट दिसतं, आणि आयर्न टेकवला की मासळीसारखा वास येतो. तो वास आला म्हणजे समजा की सेटमधले त्या जातीचे सगळेच बदलायचे, एक-दोन बदलून काही होत नाही. ओढून काढू नका, इलेक्ट्रोलाइटने पॅडखालचा गोंद आधीच सैल केलेला असतो, कपॅसिटरबरोबर पॅड पण हातात येतं. हॉट एअरने किंवा दोन आयर्न दोन्ही बाजूंनी लावून हळू उचला, जागा अल्कोहोलने धुवा, ट्रॅक मल्टिमीटरने तपासा.

बदली म्हणून टँटलम टाकत असाल तर पट्टीकडे नीट बघा, अ‍ॅल्युमिनिअमवाल्यावर पट्टी असते ती निगेटिव्हची आणि टँटलमवर असते ती पॉझिटिव्हची, उलटी बाजू. उलटा बसला की धूर. टँटलम निवडताना व्होल्टेज रेटिंग लागेल त्याच्या दुप्पट घ्या. सिरॅमिक चांगले असतात, पण माइकच्या वाटेवर मोठ्या किमतीचा सिरॅमिक टाकला तर सेटवर बोट आपटलं तरी ते ऐकू जातं, तिथे मी टाळतो.

थंबव्हीलवाल्या सेटना हा त्रास सहसा कमी, त्यांचं दुखणं वेगळं. माझ्याकडच्या एका थंबव्हीलच्या सेटवर मी १४५.५६० लावून हाक मारत होतो आणि उत्तर काही येईना, पॉवर व्यवस्थित, अँटेना व्यवस्थित, दोन संध्याकाळी गेल्या. शेवटी एसडीआरवर बघितलं तर कॅरिअर १४५.५२० वर. नेमका चाळीस किलोहर्ट्‌झ खाली. थंबव्हीलचा प्रत्येक आकडा आठ-चार-दोन-एक अशा चार कॉन्टॅक्टने जातो, सहा म्हणजे चार अधिक दोन, आणि त्यातल्या चारच्या कॉन्टॅक्टवर काट चढली होती, म्हणून सेटला सहाचा दोनच ऐकू जात होता. कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक थेंब, चाक वीस-तीस वेळा फिरवलं, सेट जागेवर. पीएलएल (फ्रिक्वेन्सी ठरवून धरून ठेवणारं सर्किट), क्रिस्टल, सगळ्यावर संशय घेऊन झाला होता आणि निघालं काय तर काट. म्हणून फ्रिक्वेन्सी चुकत असेल तर आधी किती चुकतीये ते मोजा, दहा, वीस, चाळीस, ऐंशी किलोहर्ट्‌झचा हिशोब लागला तर ट्रिमरला हात लावायचंच कारण नाही.

आता मॉडिफिकेशन

सेट महिनाभर नीट चालला की मग इकडे या. माझा नियम एकच आहे, जे पुन्हा काढता येईल ते करा, ट्रॅक कापायचा किंवा केसला भोक पाडायचं असेल तर थांबा.

सगळ्यात उपयोगी मॉड म्हणजे टोन. आजचे बरेच रिपीटर (आपला सिग्नल घेऊन पुन्हा लांबवर पाठवणारी केंद्रं) सीटीसीएसएस टोनशिवाय, म्हणजे आवाजाखाली सतत चालणाऱ्या खालच्या सुराशिवाय, उघडतच नाहीत, आणि सुरुवातीच्या हँडींमध्ये तो नसतो. टोन ६७ ते २५४.१ हर्ट्‌झच्या मधले, पूर्वी त्यासाठी वेगळे छोटे बोर्ड मिळायचे, आता पैशाएवढा मायक्रोकंट्रोलर ते काम करतो. दोन गोष्टी सांभाळा. टोन माइकच्या सॉकेटमधून घालू नका, माइकच्या वाटेवरचे फिल्टर एवढा खालचा आवाज खाऊन टाकतात, तो लिमिटरच्या (आवाज मर्यादेत ठेवणाऱ्या टप्प्याच्या) नंतर, थेट मॉड्युलेटरला द्यायचा. आणि प्रमाण कमी ठेवा, पूर्ण डेव्हिएशन (बोलताना फ्रिक्वेन्सी किती सरकते ते) पाच किलोहर्ट्‌झ असेल तर टोनचं पाचशे ते आठशे हर्ट्‌झच्या मधे, जास्त झालं की तुमच्या आवाजाखाली घूंऽऽ असा गुणगुणाट लोकांना ऐकू येतो. चौकोनी लहर तशीच सोडू नका, दोन रेझिस्टर-कपॅसिटरच्या टप्प्यांतून गोल करून द्या.

दुसरं म्हणजे एपीआरएस किंवा पॅकेट, म्हणजे आवाजाऐवजी रेडिओवरून डेटा पाठवणं (एपीआरएसमध्ये मुख्यतः आपलं ठिकाण). याला सेट उघडायचीसुद्धा गरज नाही, १२०० बॉडचं पॅकेट म्हणजे १२०० आणि २२०० हर्ट्‌झचे दोन सूर, ते माइकमधून आत आणि स्पीकरमधून बाहेर जातात. फक्त सॉकेट बघून घ्या, आयकॉम-येसूच्या जुन्या सेटना माइक २.५ मिलिमीटरचा आणि स्पीकर ३.५ चा, केनवुडला बरोबर उलटं, आणि बाओफेंग केनवुडच्या पद्धतीने जातं. जुन्या सेटचं हे सगळ्यात छान पुनर्वसन आहे असं मला वाटतं.

पॉवर वाढवायच्या मागे लागू नका. जास्त व्होल्टेजचा पॅक लावून दीडचे तीन वॅट केले तर वाढ तीन डेसिबलची, म्हणजे समोरच्याच्या मीटरवर अर्धा एस-युनिट (सिग्नलच्या जोराचं माप), आणि गरम मात्र तुमचा ट्रान्झिस्टर होतो. त्यापेक्षा रबराची बुटकी अँटेना काढून पाव तरंगलांबीची लावा, १४५ मेगाहर्ट्‌झला साधारण ४९ सेंटिमीटर, फरक लगेच कळतो. जुन्या सेटना अँटेनाचा बीएनसी सॉकेट असतो, क्षणात लागतो-निघतो, नव्यातल्या आटेवाल्या एसएमए सॉकेटला रोज फिरवाफिरव सोसत नाही.

आणि डायोड कापून ट्रान्समिट बँडच्या बाहेर उघडायचं मॉड. हे मी करत नाही आणि कुणाला करूनही देत नाही. परवान्याचा प्रश्न आहेच, ज्या फ्रिक्वेन्सीवर तुम्ही चुकून दाबाल तिथे कुणाचं तरी बचावकार्य चालू असू शकतं. शिवाय सेटचे फिल्टर आणि व्हीसीओ (लहर तयार करणारं सर्किट) त्या बँडसाठीच जुळवलेले असतात, बाहेर गेल्यावर पीएलएल लॉक धरेलच असं नाही.

नवा सेट काय देतो आणि काय नाही

नव्या सेटमध्ये दोन बँड, टोन, शेकड्याने मेमरी, चार्जर, सगळं पहिल्या दिवसापासून. डीएमआर, डी-स्टार, सी४एफएम असा डिजिटल आवाज हवा असेल तर वादच संपला, जुन्या एफएम सेटवर तो चढवता येत नाही. पाच वॅट विरुद्ध दीड वॅट हा मुद्दा मात्र मी फारसा मानत नाही, पाच डेसिबलचा फरक, एक एस-युनिट पण पूर्ण होत नाही.

स्वस्त नव्या सेटमध्ये, म्हणजे २०१२ च्या सुमारास आलेल्या बाओफेंगच्या यूव्ही-५आर च्या जातीत, ऐकायचं-बोलायचं जवळजवळ सगळं काम एकाच चिपवर होतं. शांत ठिकाणी तो छान ऐकतो, पण जवळ मोठा ट्रान्समीटर असला किंवा बाहेरची मोठी अँटेना लावली की दबून जातो. जुन्या सेटमध्ये पुढे जुळवलेल्या कॉइल, मग क्रिस्टल फिल्टर, मग ४५५ किलोहर्ट्‌झचा सिरॅमिक फिल्टर अशी रांग असते आणि गर्दीत तिचा उपयोग जाणवतो. रिसीव्हर चिपसुद्धा एमसी३३५७ किंवा एमसी३३६१ जातीची असेल तर तिचे भाऊबंद अजून मिळतात. नव्यातली एकुलती एक चिप गेली की बहुतेक वेळा सेटच बदलायचा.

तुमचा सेट नवा असो की जुना, हार्मोनिक (मूळ फ्रिक्वेन्सीच्या पटीत निघणाऱ्या नको त्या लहरी) एकदा बघा. १४५ चा तिसरा हार्मोनिक ४३५ मेगाहर्ट्‌झवर, म्हणजे थेट सत्तर सेंटिमीटर बँडमध्ये पडतो. टायनीएसए (कुठल्या फ्रिक्वेन्सीवर किती सिग्नल आहे ते दाखवणारं छोटं यंत्र) असेल तर सोपं आहे, फक्त सरळ जोडू नका, पाच वॅट म्हणजे ३७ डीबीएम आणि त्या यंत्राची सहनशक्ती १० डीबीएमची, मधे पाच वॅट सोसणारा ४० डेसिबलचा अ‍ॅटेन्युएटर हवाच. जुन्या सेटचे वॅट वाढवायला कुणी आतल्या कॉइल फिरवल्या असतील तर ते इथे लगेच उघडं पडतं.

फेरफाराची हौस आहे पण सोल्डरला हात धजत नाही, अशांसाठी क्वानशेंगचा यूव्ही-के५ बघण्यासारखा आहे, त्याचं फर्मवेअर हौशी लोकांनी नव्याने लिहिलंय आणि प्रोग्रॅमिंग केबलने ते बदलता येतं. आयर्न नाही, धूर नाही, बिघडलं तर परत जुनं चढवायचं.

मग तुम्ही काय कराल? परवाना नुकताच मिळालाय आणि हा तुमचा एकमेव सेट असणार असेल तर नवा घ्या, खरंच. पहिल्या महिन्यात हवेवर बोलायला मिळणं महत्त्वाचं, आणि आपलं बोलणं जात नाहीये की सेट बिघडलाय या शंकेत नवखा माणूस कंटाळून सोडून देतो. शिवाय जुना दुरुस्त करताना शेजारी एक चालणारा सेट ऐकायला लागतोच. आपत्कालीन कामासाठी बॅगेत ठेवायचा असेल तरीही नवा, किंवा जुना पण तसाच्या तसा दुरुस्त केलेला, कुठलंही मॉड नसलेला, कारण तो दुसऱ्याच्या हातात दिला तर त्यालाही चालवता आला पाहिजे.

तुमच्याकडे एक सेट आधीच आहे, आयर्न चालवता येतं आणि मॅन्युअल मिळालंय, तर जुना दुरुस्त करा, विशेषतः थंबव्हीलवाला. टोनशिवाय रिपीटर उघडत नसेल तरच बोर्ड टाका, सिम्प्लेक्सवर, म्हणजे रिपीटरशिवाय थेट, बोलणार असाल तर त्याचीही गरज नाही. नव्वदच्या दशकातला ड्युअल बँड असेल आणि एसएमडीवर हात बसलेला नसेल तर आधी कुठल्यातरी फेकायच्या बोर्डावर दहा-वीस कपॅसिटर काढायचा-बसवायचा सराव करा, त्याशिवाय तो सेट उघडू नका. आणि उघडलात की स्क्रू काढायच्या आधी, केबल सुटायच्या आधी, प्रत्येक पायरीचा मोबाइलवर फोटो घ्या, कारण ते लांबीने एका धाग्याने कमी-जास्त असलेले चार स्क्रू चुकीच्या भोकात गेले की त्यातला लांबवाला थेट मागच्या बोर्डात घुसतो.